तत्सम मोटार, तद्भव इंजिन : एका फ्रेंच घराण्याचा बुलढाण्यापर्यंतचा प्रवास

प्यूजो या फ्रेंच मोटार-उत्पादक घराण्याचा भारतातील इतिहास सांगायला घेतला, की तो बहुधा एका परिच्छेदात संपतो. १९९४ साली मुंबईनजीक कल्याणला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या भागीदारीत, या कंपनीची '३०९' ही गाडी तयार होऊ लागली. कामगारांचा संघर्ष आणि भागीदारांतील बेबनाव यांमुळे १९९७ साली हा संसार मोडला. फ्रेंच मंडळी निघून गेली. मोटारींचे शौकीन यावर एक उसासा टाकतात आणि पुढच्या कंपनीकडे वळतात.

हा परिच्छेद खोटा नाही. तो अपुरा आहे, आणि ज्या रीतीने अपुरा आहे ती रीत साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. म्हणूनच हा विषय आम्ही इथे मांडत आहोत. कल्याणच्या गाडीच्या पंधरा वर्षे आधी, १९७९ साली, याच कंपनीच्या डिझेल इंजिनाचा परवाना महिंद्रा आणि महिंद्रा या कंपनीने घेतला होता. ते इंजिन पुढे जीपमध्ये बसले आणि त्या जीपमधून बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील एक अख्खी पिढी बाजाराला, कॉलेजला, दवाखान्याला आणि लग्नाला गेली. प्यूजो हे नाव मात्र त्या प्रवाशांच्या कानावर क्वचितच पडले असेल. एकाच घराण्याच्या दोन वस्तू एकाच प्रांतात आल्या. एक नाव मिरवत आली आणि तीन वर्षांत गेली. दुसरी नावाशिवाय आली आणि दोन दशकांहून अधिक काळ राबली. इतिहासात जागा मिळाली ती पहिलीला.

व्याकरणात आपण शब्दांचे तत्सम आणि तद्भव असे भेद करतो. मुळातले रूप जसेच्या तसे राखून आलेला शब्द तत्सम. वापरून वापरून ज्याची रूपरेषा पालटली तो तद्भव. हे भेद संस्कृतोद्भव शब्दांसाठी आहेत हे खरे, पण परक्या वस्तूंच्या बाबतीतही ते उपयोगी पडतात. पोर्तुगीजांकडून आलेले 'पगार', 'चावी', 'बटाटा' हे शब्द आपण परके म्हणून उच्चारत नाही. मोटारीच्या धंद्यातील 'गॅरेज', 'शोफर' आणि 'चासी' हे तिन्ही शब्द मूळचे फ्रेंच, इंग्रजीच्या वाटेने आलेले. त्यांतला 'शोफर' साहेबी थाटाचा राहिला आणि जुन्या कादंबऱ्यांत अडकून पडला. 'चासी' मात्र ट्रकच्या खाली आडवे पडून काम करणाऱ्या मिस्त्रीच्या तोंडी इतकी रुळली, की तिचे मूळ शोधावे असे कोणाला वाटतही नाही. '३०९' आणि जीपचे इंजिन यांच्यातील अंतर आम्हाला असेच, 'शोफर' आणि 'चासी' यांच्यातील अंतरासारखे, वाटते.

आधी घराण्याची थोडी ओळख करून घेऊ. प्यूजो हे मूळचे लोखंडकाम करणारे कुटुंब. करवतीची पाती, कॉफी दळण्याची आणि मिरी कुटण्याची यंत्रे ही त्यांची जुनी उत्पादने. त्यांचा प्रसिद्ध सिंह एकोणिसाव्या शतकात प्रथम करवतींवर उमटला, मोटारींवर नंतर आला. १९२९ च्या '२०१' या गाडीपासून त्यांनी मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक वापरण्याची प्रथा पाडली आणि ती इतकी जपली, की जर्मनीच्या पोर्शने आपल्या नव्या गाडीला '९०१' म्हटले तेव्हा १९६४ साली तिचे नाव '९११' करायला लावले. नावाबद्दल एवढे जागरूक असलेल्या घराण्याचे सर्वांत टिकाऊ काम आपल्याकडे नावाशिवाय झाले, हा या कथेतील पहिला विरोधाभास.

या घराण्याच्या गाड्यांची रांग पाहिली तर तिच्यात नेहमी दोन प्रवाह दिसतात. एक शहरी कुटुंबाच्या मोटारीचा, दुसरा ओझे वाहणाऱ्या गाडीचा. १९६८ साली आलेल्या '५०४' मध्ये हे दोन्ही प्रवाह एकाच नावाखाली नांदत होते. तिची एक आवृत्ती ऐटदार सेडान होती, दुसरी लांब पाठीची स्टेशन वॅगन, तिसरी तीन रांगांच्या आसनांची कौटुंबिक गाडी आणि पुढे आलेली चौथी म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिक-अप. १९६९ साली युरोपातील 'वर्षातील सर्वोत्तम मोटार' हा मान सेडानला मिळाला. नायजेरिया आणि केनियात ती एकविसावे शतक उजाडेपर्यंत जुळवली जात राहिली. पश्चिम आफ्रिकेत तिचे आणि तिच्या मागून आलेल्या '५०५' चे लांब पाठीचे अवतार गावोगावच्या वडापचे वाहन बनले. सेनेगलमध्ये अशा गाडीला 'सेत-प्लास', म्हणजे 'सात जागांची', असेच नाव पडले. तिथे ती गाडी नाकावर सिंह घेऊन धावत होती. त्याच कुळातील डिझेल इंजिन आपल्याकडे धावले ते मात्र सिंहाशिवाय.

ते इंजिन म्हणजे 'एक्सडीपी ४.९०'. त्यातील चार म्हणजे सिलिंडरांची संख्या आणि नव्वद म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास. दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर. एकूण घनफळ २,११२ घन सेंटिमीटर. प्यूजोने १९५९ साली '४०३' या गाडीत डिझेल बसवून जी परंपरा सुरू केली, तिचे हे अपत्य. '५०४' च्या डिझेल आवृत्तीत ते वापरले गेले. त्याची ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे फारशी नाही. पण ते मोटारीसाठी घडवलेले डिझेल होते, हे इथे महत्त्वाचे आहे.

महत्त्वाचे का, ते जीपच्या इतिहासावरून कळते. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबईत विलीज कंपनीच्या जीप जुळवायला घेतल्या. त्यांचे इंजिन पेट्रोलचे होते. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महाग झाले आणि खेड्यापाड्यांत धावणारी ही गाडी परवडेनाशी झाली. तेव्हा कंपनीने घरचाच उपाय शोधला. तिच्या ट्रॅक्टरला इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीकडून आलेले डिझेल इंजिन होते. तेच तिने जीपला बसवले. नांगराला जुंपायचा बैल टांग्याला जुंपावा, तसा हा प्रकार. जोर भरपूर, खर्च कमी, पण चाल जड आणि धडधड फार. प्यूजोचे इंजिन आले ते या पार्श्वभूमीवर. ट्रॅक्टरच्या तुलनेत ते जास्त वेगाने फिरे, कमी हादरे आणि रस्त्यावर हलके वाटे.

हे इंजिन महिंद्राने इगतपुरीला बनवायला घेतले. पुढे त्याच्या जोडीला प्यूजोची 'बीए-१०' ही गिअरबॉक्स आणि अडीच लिटरचे थोरले भावंड 'एक्सडी-३' हेही आले. ऐंशीच्या दशकातील 'एमएम ५४०', १९९१ पासूनची 'कमांडर', १९९३ ची 'आर्मडा' आणि २००० साली आलेल्या 'बोलेरो' च्या सुरुवातीच्या गाड्या, या सर्वांच्या पोटात कमीअधिक प्रमाणात हे फ्रेंच कूळ होते. बाहेरचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन जीपचा, आतले इंजिन फ्रान्सचे, घडण इगतपुरी-नाशिकची, आणि मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसलेली माणसे वऱ्हाडातली.

नकाशावर पाहिले तर एक गंमत दिसते. मध्य रेल्वेचा जो मार्ग मुंबईहून भुसावळकडे जातो, त्यावर आधी कल्याण लागते, मग कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी, मग नाशिक रोड, आणि भुसावळ ओलांडून विदर्भात शिरले की बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके. '३०९' कल्याणला निघाली. इंजिन इगतपुरीला घडले. जीप नाशिकला उभी राहिली. आणि तिची खरी गरज होती ती मलकापूरच्या स्थानकाबाहेर. या लेखातील सगळा इतिहास एका लोहमार्गावर मांडता येतो.

मलकापूरच्या बाहेर गरज का, हे जिल्ह्याच्या भूगोलात आहे. बुलढाण्यातील माणूस आपला जिल्हा 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असा दुभागून सांगतो. अजिंठ्याच्या रांगेने पडलेला हा भाग आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, खामगावची कापसाची बाजारपेठ, गजानन महाराजांचे शेगाव आणि आगगाडी. घाटावर चिखली, कवी ना. घ. देशपांडे यांचे मेहकर, उल्केच्या आघाताने झालेल्या सरोवराचे लोणार, जिजाऊंचे सिंदखेड राजा आणि खुद्द जिल्ह्याचे ठाणे बुलढाणा. आगगाडी कुठेच नाही. खामगावहून जालन्यापर्यंत लोहमार्ग व्हावा ही मागणी ब्रिटिश अमदानीपासूनची. तेव्हा राजूरच्या किंवा बोथ्याच्या घाटाने वर चढायचे तर रस्त्यानेच. एस.टी. होती, पण ती मुख्य रस्त्यावरून आणि ठरल्या वेळी जाणारी. शेतातून उशिरा सुटलेल्या माणसाला, फाट्यावर उतरून आत चार कोस जायच्या बाईला, बाजारात विकायची कोंबडी घेऊन निघालेल्या म्हातारीला जे वाहन लागते, ते जीपने दिले.

१९८८ च्या मोटारवाहन कायद्याने चालक वगळता सहाहून अधिक आणि बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या भाड्याच्या गाडीला 'मॅक्सी कॅब' असा वेगळा वर्ग दिला. पुढे मुंबईच्या टॅक्सीचा काळा-पिवळा रंग या गाड्यांना लागला आणि विदर्भात त्यांचे नावच 'काळी-पिवळी' झाले. इथे जाता जाता नोंदवायला हवे, की मुंबईची काळी-पिवळी म्हणजे प्रामुख्याने प्रीमियरची पद्मिनी; आणि प्रीमियर म्हणजे तीच कंपनी, जिने पुढे '३०९' काढली. रंग मुंबईहून आला, नाव मुंबईहून आले, पण गाडी निराळीच. पश्चिम महाराष्ट्रात जे 'वडाप', ते इकडे 'काळी-पिवळी'. आणि प्रवाशाला 'शीट' म्हणण्याची चालकांची रीत दोन्हीकडे सारखीच.

त्या गाड्यांत एक तुलना नित्य चाले, आणि मोटारींच्या माहितीपत्रकातील तुलनेपेक्षा ती अधिक जिवंत होती. महिंद्राच्या गाडीच्या नावापुढे 'डीपी' असेल तर इंजिन प्यूजोचे. 'डीआय' असेल तर ट्रॅक्टरच्या वंशातले, कंपनीने स्वतः पुढे विकसित केलेले. पहिल्यात इंधन आधी एका लहान कक्षात पेटते आणि मग सिलिंडरमध्ये येते, त्यामुळे आवाज मवाळ आणि धाव नितळ. पण थंडीच्या सकाळी चावी अर्धी फिरवून हीटर तापेपर्यंत थांबावे लागे. दुसऱ्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये सुटते. आवाज राकट, पण डिझेल कमी लागे आणि भरल्या गाडीला खालच्या गिअरमध्ये जोर अधिक मिळे. तिसरा पर्याय बजाज टेम्पोच्या 'ट्रॅक्स' चा. तिचे इंजिन मर्सिडीजच्या कुळातले. म्हणजे घाट चढणाऱ्या जीपगाड्यांत फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिका यांची यंत्रविद्या एकामागून एक जात असे, आणि त्यांची परीक्षा डिझेलचा हिशेब आणि 'शीट' किती या दोनच विषयांत होई.

आता '३०९' कडे पाहू. तिचे दुर्दैव भारतात सुरू झाले नव्हते. १९७८ साली प्यूजोने अमेरिकन क्रायस्लरचा युरोपातील पसारा विकत घेतला. त्या पसाऱ्यात ही गाडी 'टॅल्बो' या नावाने यायची होती. ते नाव बंद करायचे ठरले आणि १९८५ साली तिच्यावर प्यूजोचा सिंह चिकटवला गेला. म्हणूनच तिचा क्रमांक रांगेबाहेरचा, '३०५' आणि '३०६' यांच्या मधे आलेला '३०९'. १९९३ साली '३०६' आली आणि युरोपात '३०९' चे दिवस भरले. त्याच वर्षी भारत सरकारने मोटार-उत्पादन परवानामुक्त केले, आणि पुढच्या वर्षी ती कल्याणला आली. गाडी वाईट नव्हती. १.४ लिटर पेट्रोल आणि १.५ लिटर डिझेल या दोन्ही रूपांत ती पद्मिनीपेक्षा पिढ्यांनी पुढे होती, आणि तिच्या डिझेलची वाखाणणी आजही होते. पण ती आली ती संपूर्ण, तयार आणि नावानिशी. तिचे सुटे भाग, तिची दुरुस्ती, तिची पत, सारे त्या एका भागीदारीवर टांगलेले. प्रीमियरने दरम्यान फियाटशीही नवा घरोबा केला होता. भागीदारी तुटताच ज्यांनी हौसेने ती घेतली होती त्यांना सुट्या भागांसाठी वणवण करावी लागली. तत्सम शब्दाला शब्दकोश लागतो. कोश बंद झाला की तो शब्द दुर्बोध होतो.

जीपमधील इंजिनाला असा कोश लागला नाही, कारण तो गावोगावच्या गॅरेजांत लिहिला गेला होता. ते इंजिन परवानाराजातले. त्या काळी परकी कंपनी इथे येऊन स्वतःच्या नावाने दुकान थाटू शकत नसे. तंत्र विकत घ्यायचे आणि ते इथल्या हातांनी, इथल्या ओतकामात उतरवायचे, हीच वाट होती. त्या सक्तीमुळे परके तंत्र पचवावे लागले. हे आम्ही जुन्या धोरणाच्या स्तुतीसाठी म्हणत नाही. कारण पचवण्याची किंमतही मोजावी लागली. साठच्या दशकातील बांधणीचे इंजिन आपण विसावे शतक संपेपर्यंत चालवत राहिलो. त्याचा धूर आपल्या फुप्फुसांनी गिळला. आणि बारा माणसांच्या परवान्यावर वीस माणसे कोंबून, टपावर आणि पायरीवर लटकवून ज्या गाड्या घाट चढल्या, त्यांतल्या सगळ्याच खाली सुखरूप उतरल्या नाहीत. काळी-पिवळीच्या आठवणींत हळवे होणाऱ्याने या गोष्टी विसरू नयेत. तद्भवाचे गोडवे गाताना शब्द झिजण्यामागे कोणाचे श्रम आणि कोणाची हाडे झिजली, हेही विचारले पाहिजे.

आमच्या मांडणीची परीक्षा दुसऱ्या एका फ्रेंच घराण्यावर घेता येते. २००७ साली रेनोची 'लोगान' महिंद्राच्या भागीदारीत नाशिकला निघाली. ती भागीदारीही २०१० साली संपली. पण इथे गाडी संपली नाही. २०११ साली महिंद्राने तिला 'व्हेरिटो' असे नाव दिले आणि ती पुढे काही वर्षे टॅक्सीच्या धंद्यात मुकाट धावत राहिली. नाव गेल्यावर गाडी टिकली, हा क्रम लक्षणीय आहे. अर्थात यावरून नियम काढणे घाईचे होईल. नाव टिकवून रुजलेल्या परदेशी गाड्याही आपल्याकडे आहेतच. आमचे म्हणणे इतकेच, की रुजणे आणि नाव टिकणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि इतिहास लिहिताना आपण दुसरीवरून पहिलीचा अंदाज बांधतो.

या कथेचा उपसंहार इतिहासानेच लिहिला आहे. २०२१ च्या जानेवारीत प्यूजोची मातृसंस्था आणि फियाट-क्रायस्लर यांचे एकत्रीकरण होऊन 'स्टेलांटिस' ही कंपनी झाली. म्हणजे प्रीमियरच्या घरात ज्या दोघी सवतींसारख्या आल्या होत्या, त्या फियाट आणि प्यूजो आता एकाच छपराखाली आहेत. आणि विलीजची 'जीप' ही मुद्रा अनेक हातांतून फिरत क्रायस्लरकडे गेलेली असल्याने तीही त्याच घरात आली. अमेरिकन जीप आणि फ्रेंच इंजिन यांचा जो संयोग जगाच्या बाजारात २०२१ साली कायदेशीर झाला, तो बुलढाण्याच्या घाटात त्याआधी कित्येक वर्षे कोणाला न सांगता चालू होता. याच दरम्यान, २०१८ साली, महिंद्राच्या 'रॉक्सर' या जीपवजा गाडीचे तोंडवळण आपल्यासारखे आहे म्हणून फियाट-क्रायस्लरने अमेरिकेत तक्रार गुदरली होती. चेहऱ्यावर हक्क सांगता येतो. पोटातल्या इंजिनाचे मूळ कोणी विचारले नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. ज्या रचनेवर कर्त्याची नाममुद्रा आहे ती आपल्या वाङ्मयेतिहासात चटकन सापडते, मग ती चार जणांनीच वाचलेली का असेना. जात्यावरची ओवी, मुखोद्गत झालेले रूपांतर, भाषांतर आहे हे विसरून वाचले गेलेले पुस्तक, यांना शोधावे लागते. मोटारींच्या इतिहासात '३०९' चे प्रकरण आहे; 'एक्सडीपी' ची फार तर तळटीप आहे. एमएच-२८ या बुलढाण्याच्या क्रमांकाने नोंदलेल्या कमांडरच्या कागदपत्रांत उत्पादक म्हणून महिंद्रा हेच नाव लागणार. ते बरोबरच आहे, आणि तरीही त्यातून अर्धी हकीकत निसटते.

ती अर्धी हकीकत आता वेगाने निसटत आहे, हे आमच्या चिंतेचे कारण. ते इंजिन बनणे थांबून बराच काळ लोटला. प्रदूषणाचे नियम कडक झाले, घरोघर मोटारसायकली आल्या, जुन्या जीप भंगारात गेल्या. 'डीपी' आणि 'डीआय' यांतला फरक केवळ आवाजावरून सांगणारे मिस्त्री म्हातारे झाले. त्यांच्या तोंडचे शब्द, त्यांनी लावलेले जुगाड, कोणत्या मार्गावर कोणते इंजिन चालवावे याविषयीचे त्यांचे ठोकताळे, हे कोणत्याही कंपनीच्या दप्तरात नाहीत. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर येथील महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी बोलीभाषेच्या प्रकल्पासाठी लोकगीते गोळा करावीत तशी ही गॅरेजांतली भाषाही गोळा करावी, असे आम्हाला आग्रहाने सुचवावेसे वाटते. जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास लिहिणाऱ्याला तिची गरज पडेल. फ्रान्सपासून वऱ्हाडापर्यंत एक वस्तू कशी आली आणि आपली कशी झाली, याचे उत्तर कल्याणच्या बंद पडलेल्या भागीदारीत मिळणार नाही. ते राजूर घाटाच्या माथ्यावर गाडी थंड करायला थांबणाऱ्या चालकांकडे आणि त्यांच्या मिस्त्र्यांकडे आहे, आणि ते विचारायला अजून थोडी वर्षे आपल्या हातात आहेत.